उपरी, रहिवासी आणि नागरिक

पेशवाईच्या दप्तरात दोन शब्द वारंवार भेटतात : मिरासदार आणि उपरी. दोघेही एकाच पांढरीत घर बांधून राहत, एकाच काळीत नांगर धरीत आणि एकाच पाटलापाशी सारा भरीत. परंतु मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. सारा भरीत असेतो तिच्यावरून त्याला कोणी हलवू शकत नसे, आणि गावाच्या मानपानात त्याची जागा ठरलेली असे. उपरी हा बाहेरून आलेला. तो मुदतीच्या बोलीवर जमीन कसणार. मुदत सरली की त्याचा हक्कही सरला. आज हे दोन्ही शब्द महसुली कामकाजातून गेले आहेत. मिरासदारी कोणाच्या फारशी स्मरणात नाही, पण 'उपरा' हा शब्द मात्र आपल्या बोलण्यात अजून जिवंत आहे.

आता प्रश्न असा की, उपऱ्याला मिरासदार होता येत असे काय? येत असे. योग्य ती किंमत भरून, पाटील-कुळकर्णी व गावचे गोत यांच्या साक्षीने त्याला मिरासपत्र मिळे आणि त्या दिवसापासून तो, त्याची मुले व नातवंडे त्या गावची होत. म्हणजे तीन गोष्टी लागत : पदरचे काही घालावे लागे, गावाची साक्ष लागे, आणि शेवटी एक कागद लागे. परक्या माणसाने भारताचा नागरिक होण्यास कोणती पात्रता लागते, या आजच्या विषयाची सुरुवात आम्ही दिल्लीच्या कायद्यापासून न करता गावच्या पांढरीपासून करतो, ती एवढ्याचसाठी. पुढे जे कायदे आपण पाहणार आहोत, त्यांत याच तीन गोष्टी निरनिराळ्या वेषांत पुन्हा भेटतील.

मिरासदारीची पद्धत मुख्यतः घाटावरची. आपल्या चांद्याकडे इतिहास थोडा निराळा आहे. गोंड राजांपैकी हीरशहा याच्याविषयी परंपरा अशी सांगते की, जो कोणी रान तोडून गाव वसवील त्याला त्याने ते गाव दिले, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली येईल तेवढी जमीन दिली. या परंपरेतील अक्षर न् अक्षर खरे मानण्याचे कारण नाही. पण तिच्या मागचा व्यवहार खरा आहे, हे मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड या धानाच्या पट्ट्यातील तलावच सांगतात. तलाव बांधण्यात निष्णात असलेला कोहळी समाज आपले मूळ काशीकडे असल्याचे सांगतो. मालगुजारी १९५१ साली संपली, तरी माजी मालगुजारी तलाव 'मामा तलाव' या नावाने आजही धानाला पाणी देतात. या प्रदेशात बाहेरून आलेल्याला पहिली पात्रता विचारली गेली ती ही : तू इथे काय उभे करशील? गोंडी, माडिया, तेलुगू, मराठी, छत्तीसगढी अशा इतक्या बोली एका टापूत नांदताना दिसतात, त्याचे एक कारण या उदार प्रश्नात आहे.

जगात सर्वत्र इतके औदार्य नव्हते. अथेन्स हे लोकशाहीचे माहेर म्हणून आपण शिकतो. पण इसवी सनापूर्वी ४५१ साली पेरिक्लीसने तेथे कायदा केला की, आई आणि बाप दोघेही अथेनी असतील तरच मूल नागरिक. खुद्द अ‍ॅरिस्टॉटल हा बाहेरगावचा. वर्षानुवर्षे अथेन्समध्ये राहून, शिकवून तो अखेरपर्यंत परका रहिवासीच राहिला. नागरिक कोणाला म्हणावे याची मीमांसा ज्याने आपल्या ग्रंथात केली, त्याला त्या नगरीत मताचा अधिकार नव्हता! रोमची रीत याच्या उलट. जिंकलेल्या मुलखातील माणसांना रोम टप्प्याटप्प्याने नागरिक करीत गेले आणि इसवी सन २१२ मध्ये सम्राट कॅराकॅला याने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र माणसांना ते नागरिकत्व देऊन टाकले. रक्त पाहावे की वास्तव्य पाहावे, हा वाद असा दोन हजार वर्षांहून जुना आहे.

आपल्या देशात परक्याला प्रजाजन करून घेण्याचा आधुनिक कायदा कंपनी सरकारने १८५२ साली केला आणि त्याची जागा पुढे १९२६ च्या कायद्याने घेतली. त्या काळी भारतीय माणूस स्वतःच्या देशात नागरिक नव्हता, प्रजा होता. आणि बाहेर गेला तर तेथे काय होई हे अमेरिकेतील दोन खटल्यांवरून कळते. भगतसिंग थिंड हा पंजाबी शीख पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. त्याला मिळालेले नागरिकत्व १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केले. कारण त्या देशाचा कायदा 'गोऱ्या' माणसाला नागरिक होऊ देत असे आणि भारतीय माणूस त्या अर्थाने गोरा ठरत नाही, असे न्यायालय म्हणाले. थिंडची बाजू मांडणारा वकील सखाराम गणेश पंडित हाही भारतीयच. त्याला १९१४ साली नागरिकत्व मिळालेले होते. आता तेही काढून घेण्यासाठी सरकारने दावा लावला. पण ज्या कागदाच्या भरवशावर माणसाने व्यवसाय केला, संसार थाटला, तो इतक्या वर्षांनी हिसकावता येणार नाही, अशी बाजू त्याने लढवली; १९२६ साली अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. भारतीयांना अमेरिकेचे नागरिक होण्याची वाट कायद्याने खुली झाली ती १९४६ साली. हा अनुभव आपल्या कायदेकर्त्यांच्या मनात ताजा होता. त्याची खूण आपल्या कायद्यात कोठे उमटली, ते लवकरच दिसेल.

१९४७ साली फाळणी झाली आणि नागरिक कोण, हा प्रश्न ग्रंथातून उठून आगगाडीच्या फलाटावर आला. घटना समितीत या विषयावर १९४९ च्या ऑगस्टमध्ये १० ते १२ तारखांना चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या वेळी बोलून दाखविले की, एखादे कलम सोडले तर मसुदा समितीला या कलमाइतकी डोकेदुखी दुसऱ्या कोणत्याही कलमाने दिली नाही. अखेर ठरले ते असे : १९ जुलै १९४८ पूर्वी पाकिस्तानातून आलेला, ज्याचे आईबाप वा आजीआजोबा यांपैकी कोणी अखंड भारतात जन्मले आहे, तो इथे राहत असेल तर नागरिक, त्या तारखेनंतर आलेल्याने मात्र सहा महिने वास्तव्य करून नोंदणी करून घेतली पाहिजे.

या चर्चेत आपल्या विदर्भाचा आवाज मोठा होता, हे श्रोत्यांपैकी थोड्यांना ठाऊक असेल. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख म्हणाले की, या कलमाने आपण भारताचे नागरिकत्व जगातले सर्वांत स्वस्त नागरिकत्व करून ठेवीत आहोत; आणि दुसऱ्या कोणत्याही देशाचा नागरिक नसलेल्या हिंदूला किंवा शिखाला, तो कोठेही राहत असो, भारताचे नागरिकत्व मिळावे अशी सुधारणा त्यांनी मांडली. उलट अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचे म्हणणे असे पडले की, वंश वा धर्म पाहून एका माणसात आणि दुसऱ्यात भेद करणे आपल्या घटनेला शोभणारे नाही. सुधारणा मान्य झाली नाही. पण तो वाद तेथे मिटला असे मात्र कोणी समजू नये. सत्तर वर्षांनी तो पुन्हा संसदेत उभा राहिला.

घटनेने सुरुवातीचा प्रश्न सोडविला. पुढचे संसदेवर सोपविले. त्याप्रमाणे १९५५ च्या डिसेंबरअखेर नागरिकत्वाचा कायदा झाला. नागरिक होण्याच्या पाच वाटा त्यात आहेत : जन्माने, वंशाने, नोंदणीने, देशीयकरणाने, आणि एखादा प्रदेश भारतात सामील झाल्याने. पाचव्या वाटेचे उदाहरण आपल्या शेजारचेच. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला आणि १९६२ च्या मार्चमधील एका आदेशाने तेथील सर्व जन्मजात रहिवासी एकदम भारताचे नागरिक झाले. ज्याला दुसरे नागरिकत्व ठेवायचे असेल त्याने एका महिन्यात तसे लिहून द्यावे, एवढीच अट होती.

पूर्णपणे परक्या माणसासाठी जी चौथी वाट, तिला कायदा देशीयकरण म्हणतो. 'देशीय' करून घेणे, हा शब्द बोलका आहे. तिच्या अटी मूळ कायद्यात अशा होत्या. अर्जदार ज्या देशाचा, त्या देशाने भारतीयांना नागरिक होण्यास मज्जाव केलेला नसावा. थिंडच्या खटल्याची जी खूण आम्ही म्हटली ती ही. त्याने आपल्या जुन्या देशाचे नागरिकत्व सोडावे. अर्जापूर्वीचे सलग बारा महिने तो भारतात राहिलेला असावा, आणि त्याआधीच्या सात वर्षांत मिळून किमान चार वर्षे. त्याचे वर्तन चांगले असावे. घटनेच्या आठव्या अनुसूचीतील एखादी भाषा त्याला पुरेशी यावी. आणि पुढेही इथेच राहण्याचा त्याचा मनोदय असावा. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता वा मानवी प्रगती यांची थोर सेवा केलेल्या माणसासाठी सरकार या अटी शिथिल करू शकते.

या अटींकडे नीट पाहिले तर त्यांत मिरासपत्राचाच ढाचा दिसतो. वर्षांची अट म्हणजे पदरचे घालणे. वर्तन आणि भाषा म्हणजे गावाची साक्ष. आणि शेवटी निष्ठेची शपथ व प्रमाणपत्र. अशा रीतीने जे बाहेरचे इथले झाले त्यांनी या भूमीला काही कमी दिलेले नाही. गोंडांमध्ये राहून त्यांचे जीवन लिहिणारे व्हेरिअर एल्विन जन्माने इंग्रज. १९५४ साली ते भारताचे नागरिक झाले. अमेरिकेत जन्मलेल्या गेल ऑम्व्हेट १९८३ साली भारतीय नागरिक झाल्या, सांगली जिल्ह्यातील कासेगावी राहिल्या आणि महात्मा फुल्यांच्या चळवळीचा इतिहास त्यांनी जगापुढे मांडला. २०२१ साली त्या निवर्तल्या त्या कासेगावच्या म्हणूनच.

पण नामवंतांची गोष्ट सोपी असते. आपल्या जिल्ह्यांपुढचा खरा प्रश्न निराळ्या माणसांचा आहे. चंद्रपूरहून गडचिरोलीस जाणारा रस्ता आपल्या मूलवरून जातो. त्याच रस्त्याने पुढे वैनगंगा ओलांडून चामोर्शीकडे उतरले आणि मूलचेऱ्याच्या बाजूस वळले, की सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी गावे लागतात. तेथे घराशेजारी मासळीचे तळे दिसते, बंगाली कानी पडते, आणि शरदात दुर्गापूजेचे ढाक वाजतात. हे लोक पूर्व बंगालचे. पूर्व पाकिस्तानातून १ जानेवारी १९६४ ते २५ मार्च १९७१ या मुदतीत जे आले त्यांना सरकारी भाषेत 'नवे स्थलांतरित' म्हणत, आणि पश्चिम बंगालबाहेर जाण्यास तयार असतील त्यांनाच वसविण्याची जबाबदारी सरकार घेई. शेजारच्या बस्तर-कोरापुटात १९५८ पासून दंडकारण्य योजना चालू होती. तिच्या जोडीने चांदा जिल्ह्यातही रान मोकळे करून या कुटुंबांना वसविण्यात आले. त्या वेळी गडचिरोली जिल्हा नव्हता. तो १९८२ च्या ऑगस्टमध्ये निराळा झाला.

या लोकांना देशीयकरणाची लांब वाट चालावी लागणार नव्हती. अखंड भारतात जन्मलेला माणूस वा त्याची संतती कायद्याने भारतीय वंशाची; त्यांच्यासाठी नोंदणीची वाट होती आणि तीत १९५५ च्या कायद्याने फक्त सहा महिन्यांचे वास्तव्य मागितले होते. शिवाय १ जुलै १९८७ पूर्वी भारताच्या भूमीवर जन्मलेले मूल, आईबाप कोणीही असोत, बहुतेक जन्मानेच नागरिक होते.

पुढे मात्र दार हळूहळू लोटले गेले. आसामातील आंदोलनानंतर १९८६ साली कायदा बदलला. नोंदणीसाठी सहा महिन्यांची पाच वर्षे झाली. देशीयकरणाची पाच वर्षे दहा झाली. आणि १ जुलै १९८७ पासून जन्मणाऱ्या मुलाच्या आईबापांपैकी एकजण तरी नागरिक असावा असे ठरले. २००३ च्या दुरुस्तीने नोंदणीला सात वर्षे आणि देशीयकरणाला बारा वर्षे लागू लागली. त्याहून मोठी गोष्ट अशी की, वैध कागदाविना आलेल्या 'अवैध स्थलांतरिता'ला या दोन्ही वाटा बंद झाल्या. ३ डिसेंबर २००४ पासून तर आईबापांपैकी एकजण नागरिक आणि दुसरा अवैध स्थलांतरित असेल, तर इथे जन्मलेले मूलही जन्माने नागरिक नाही. म्हणजे ज्याचा आजोबा सरकारी ट्रकमधून उतरला तो नागरिक, आणि ज्याचा बाप पंधरा-वीस वर्षांनी त्याच नातेवाइकांकडे स्वतःच्या पायांनी आला त्याच्या लेकराची गत वेगळी, असा भेद एकाच कुळात पडणे शक्य झाले.

२०१९ च्या डिसेंबरात संसदेने पुन्हा दुरुस्ती केली. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान या देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती यांना 'अवैध' या सदरातून वगळले आणि त्यांच्यासाठी देशीयकरणाची अकरा वर्षांची अट पाच वर्षांवर आणली. नियम निघाले ते २०२४ च्या मार्चमध्ये. १९४९ साली पंजाबराव आणि अल्लादी यांच्यात जो मतभेद झाला, तोच येथे पुन्हा दिसला. छळ सोसून आलेल्यांना आसरा देणे हे कर्तव्यच, असे एका पक्षाने म्हटले. आसरा देताना धर्म विचारणे घटनेच्या समतेला बाधक, असे दुसऱ्याने म्हटले आणि सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. आमच्यापुरते बोलायचे तर छळाची फाळणी धर्मावरून करता येत नाही, असे आम्हांस वाटते. पण ज्या बंगाली कुटुंबाच्या डोक्यावर पंचवीस वर्षे टांगती तलवार होती, त्याला या कायद्याने मिळालेला दिलासाही आम्ही हलका लेखणार नाही.

भाषेच्या अटीकडेही क्षणभर पाहू. मूलचेऱ्याच्या बंगाली माणसाला देशीयकरणासाठी अर्ज करावा लागला तर त्याची अडचण होणार नाही; बंगाली आठव्या अनुसूचीत पहिल्यापासून आहे. त्या अनुसूचीत प्रारंभी चौदा भाषा होत्या, आज बावीस आहेत. परंतु ज्या गोंडांनी चांद्याचा किल्ला बांधला त्यांची गोंडी तीत नाही, आणि माडियाही नाही. एखादा परका माणूस आयुष्यभर भामरागडच्या रानात राहून माडियाच तेवढी शिकला, तर कायद्याच्या लेखी त्याला भारताची भाषा येत नाही असे ठरेल!

आणि याच रानात आदिवासीला स्वतःलाही वास्तव्य सिद्ध करावे लागले आहे, हे विसरू नये. बंगाली कुटुंबांसाठी जे रान मोकळे झाले ते ओसाड नव्हते. गोंड-माडियांचे त्यावर चराई, सरपण, मोह, तेंदू यांचे व्यवहार होते, पण कागद नव्हता. २००६ च्या वनहक्क कायद्याने ही चूक सुधारण्याचा प्रयत्न केला. आदिवासी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा कब्जेदार असला की पुरे. इतरांनी मात्र तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य दाखवावे. पण या कायद्याच्या नियमांत एक शहाणपणाची गोष्ट आहे. पुरावा म्हणून सरकारी कागदांबरोबरच गावातील वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही तेथे चालते. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तो एकजुटीने विचार करणाऱ्या ग्रामसभेच्या बळावर.

यातून आमचा निष्कर्ष निघतो तो असा. नागरिकत्वाचा प्रत्येक कायदा वास्तव्याची वर्षे मोजतो. परंतु ती वर्षे कचेरीत पोहोचतात ती कागदाच्या पाठीवर बसून. आणि ज्यांनी रान तोडले, बांध घातले, धान लावले, त्यांच्याचपाशी कागद सर्वांत थोडे असतात. पुरात वाहिलेले, छपराबरोबर जळलेले, किंवा कधी कोणी दिलेच नाहीत असे. म्हणून पात्रतेच्या अटी किती वर्षांच्या, यापेक्षा पुरावा कोणता चालेल, हा प्रश्न गरिबाच्या दृष्टीने मोठा आहे. २०२४ च्या नियमांत शिधापत्रिका, शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा यांच्याबरोबर गावच्या वा नगराच्या निवडून आलेल्या सदस्याचा दाखलाही मान्य केलेला आहे. मिरासपत्रावरची गोताची साक्ष ती हीच, असे म्हणावयास हरकत नाही. ती केवळ सहा धर्मांच्या अर्जदारांपुरती न राहता सर्वांना उपलब्ध झाली पाहिजे, एवढी मागणी करणे आपल्या हाती आहे.

आणखीही काही आपल्या हाती आहे. जुने कोतवाल बुक, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, पटवाऱ्याचे दप्तर, ग्रामपंचायतीची जन्ममृत्यूची नोंद, या वह्या आज कित्येक ठिकाणी वाळवीच्या स्वाधीन आहेत. त्यांतील एकेका ओळीवर एखाद्या नातवाचे नागरिकत्व, एखाद्या माडियाचा वनहक्क, एखाद्या लेकराचा जातीचा दाखला अवलंबून असतो. त्या वह्या कोरड्या कपाटात ठेवणे, त्यांच्या नकला करून घेणे, आणि शेजारच्या माणसासाठी साक्ष द्यायची वेळ आली तर कचेरीत जाऊन सही करणे, एवढे काम मूलसारख्या गावाला करता येईल. त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.